आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष: मापं, सेक्शन आणि मॉडेल

आर्किटेक्चरला येणाऱ्या बऱ्याच मुलांची समजूत असते की चित्रकला बरी असली की झालं. चित्रकलेचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण पहिल्या वर्षात जे अडखळतात ते हात वळत नाही म्हणून क्वचितच. खोली किती मोठी हवी, भिंत किती जाड असते, जिना किती जागा खातो याचा अंदाज नसतो आणि तिथे गाडी अडते. शीट देखणं दिसतं, पण ज्युरीत (शिक्षक-परीक्षकांसमोर काम मांडताना) पहिलाच प्रश्न येतो: "इथे माणूस उभा राहील का?" या लेखात वर्षभराचा सगळा अभ्यासक्रम नाही. मापाचा अंदाज कसा बसवायचा, मेजर्ड ड्रॉइंग (उभी इमारत मोजून काढणं), सेक्शन (इमारतीचा उभा काप) आणि जिना यांत नेमकं काय चुकतं, मॉडेल कसं कापायचं, एवढ्यावर भर आहे. बाकीचं ओघात येईल.

आधी स्वतःचं शरीर मोजा

वीत, पाऊल, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, हात वर केल्यावर बोटं पोचतात ती उंची, उभं असताना आणि बसल्यावर डोळ्याची उंची ही मापं मिलिमीटरमध्ये लिहून पाठ करा. चालीचं माप वेगळं काढावं लागतं: २० मीटर अंतर टेपने आखा, नेहमीच्या चालीने तीनदा चाला, पावलं मोजा, सरासरी काढून २० ला तिने भागा. मुद्दाम लांब टांगा टाकू नका, कारण साइटवर तसं चालणं होत नाही.

मग वहीत रोज एक वस्तू. आधी अंदाज लिहायचा, मग टेप लावायचा आणि खरं माप शेजारी लिहायचं. अंदाज न लिहिता थेट मोजलं तर सरावाचा अर्धा उपयोग गेला. खुर्चीची बैठक साधारण ४५०, जेवायचं टेबल ७५०, ओटा ८५० ते ९००, दाराची उंची २१०० मि.मी. अशी मापं या सवयीने आपोआप डोक्यात बसतात. मीटर की मिलिमीटर हा गोंधळ सुरुवातीलाच मिटवा: इमारतीची मापं मिलिमीटरमध्ये, साइटची मीटरमध्ये, आणि एका ड्रॉइंगवर एकच एकक.

साहित्याबद्दल थोडक्यात

यादी लांबलचक मिळते, त्यातलं निम्मं लागत नाही. पेन्सिली तीन पुरतात: आखणीसाठी २एच, पक्क्या रेषेसाठी एचबी, कापलेल्या भागाच्या ठळक रेषेसाठी २बी. पेन घ्यायची तर ०.१, ०.२, ०.३५ आणि ०.५. शेजारच्या दोन जाड्यांत जवळपास दीडपट फरक असला तरच तो डोळ्याला जाणवतो, म्हणून ०.२ आणि ०.२५ ही दोन्ही घेण्यात अर्थ नाही. त्रिकोणी स्केल, दोन सेट स्क्वेअर, पाच मीटरचा टेप, स्टीलची ३०० मि.मी.ची पट्टी, कटर, कटिंग मॅट आणि ट्रेसिंग पेपरचा स्वस्तातला रोल. रोलमध्ये कंजूषी नको. नव्या कोऱ्या महागड्या कागदावर विचार करायला हात बिचकतो.

त्रिकोणी स्केलने कधीही कापू नका आणि तिच्या कडेवरून कटर फिरवू नका. एकदा कड खरवडली की पेन्सिल तिथे दरवेळी अडकते.

स्केल आणि कागद

१२ बाय ९ मीटरचं घर १:१०० ला १२० बाय ९० मि.मी. होतं, १:५० ला २४० बाय १८०. हा हिशेब शीटवर काही काढायच्या आधी करायचा, कारण चार ड्रॉइंग एका ए१ कागदावर बसतात का ते यातूनच कळतं. ए१ म्हणजे ८४१ बाय ५९४. चारही बाजूंनी २० मि.मी. मार्जिन सोडलं, टायटल ब्लॉक (शीटच्या माहितीचा चौकोन) आणि ड्रॉइंगखालची नावं धरली की हातात कमीच उरतं.

कुठलं स्केल कशासाठी? आजूबाजूचा परिसर १:५००, साइट प्लॅन १:२००, इमारत १:१००, खोलीचं आणि फर्निचरचं नीट चित्र १:५०, भिंतीचा छेद १:२०, सांधे १:५. स्केल मोठं केलं की माहितीही वाढायला हवी. १:१०० चा प्लॅन नुसता ताणून १:५० म्हणून लावला की लगेच ओळखू येतो: खिडकीला दोनच रेषा, दाराला चौकट नाही, भिंतीला प्लॅस्टर नाही.

छपाईतला एक सापळा लक्षात ठेवा. ए१ वरून ए३ वर आणलं की लांबी बरोबर निम्मी होते, त्यामुळे १:५० चं १:१०० होतं आणि स्केलपट्टीने वाचता येतं. ए१ वरून ए२ वर आणलं तर लांबी सुमारे ७१ टक्के होते, १:५० चं जवळपास १:७१ होतं आणि ते कुठल्याच पट्टीवर सापडत नाही. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगखाली आकड्यांसोबत मापाच्या खुणांची पट्टीही (बार स्केल) काढा. कागद लहान-मोठा झाला तरी ती सोबत लहान-मोठी होते.

मेजर्ड ड्रॉइंग

उभी असलेली इमारत मोजून कागदावर उतरवणं हे पहिल्या वर्षातलं सगळ्यात उपयोगाचं काम, आणि मुलं सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात तीही यातच. दोघांत होत नाही, तिघं लागतात: एक टेपचं शून्य धरणारा, दुसरा आकडा वाचणारा, तिसरा लिहिणारा. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा. "पंधराशे साठ" चं "पंधराशे सात" असंच होत असतं.

टेप लावायच्या आधी पूर्ण इमारतीत एक चक्कर मारा आणि हाताने कच्चा प्लॅन काढा, प्रत्येक खोलीला पान वेगळं. कच्चा प्लॅन मोठा हवा, नाहीतर आकडे एकमेकांवर चढतात आणि घरी आल्यावर कुठला आकडा कुठल्या भिंतीचा ते कळत नाही. खोल्यांना क्रमांक द्या, कोपऱ्यांना अक्षरं द्या.

भिंत मोजताना टेप एकदाच लावायचा. एका कोपऱ्यात शून्य ठेवून पुढचे सगळे आकडे त्याच शून्यापासून घ्यायचे: खिडकीची सुरुवात ८४०, शेवट २०४०, खांब २९६५, कोपरा ४८००. याला रनिंग माप म्हणतात. तुकड्या-तुकड्याने मोजलं तर प्रत्येक तुकड्यात चार-पाच मिलिमीटरची चूक धरली तरी दहा तुकड्यांत ती ५० मि.मी. पर्यंत जाऊ शकते. मग आतली बेरीज बाहेरच्या लांबीशी जुळत नाही आणि चूक नेमकी कुठे आहे तेही सापडत नाही.

टेपच्या टोकाची पत्र्याची हूक थोडी हलते. बरेच जण तो दोष समजून ती ठोकून घट्ट करतात. ते हलणं मुद्दाम ठेवलेलं असतं आणि हुकेच्या जाडीइतकंच असतं. हूक कडेला अडकवून ओढली की बाहेर सरकते, भिंतीला टेकवून दाबली की आत जाते, म्हणजे दोन्ही वेळा शून्य बरोबर येतं. घट्ट केली की त्यातलं एक माप कायमचं चुकतं. लांब कापडी टेप मध्ये झोळ खातो आणि माप जास्त दाखवतो, तो जमिनीवर टेकवून ओढा. लेझर मीटर असेल तर उत्तम, पण काचेवर, आरशावर आणि भर उन्हात त्यावर विसंबू नका. किरण काचेतून पुढे जाऊन मागच्या भिंतीचा आकडा देतो.

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. नुसत्या चार बाजूंनी खोलीचा आकार ठरत नाही, चौकोन कसाही कलू शकतो. ३६०० बाय ४८०० ची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ६००० येतात. एक ५९६० आणि दुसरा ६०४० आला तर बाजू तेवढ्याच असूनही कोपरा जवळपास पाऊण अंशाने कललेला आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३६०० च्या भिंतीचं दुसरं टोक त्यामुळे ५० मि.मी. सरकतं. पाच खोल्या ओळीने असल्या की शेवटची खोली शेजाऱ्याच्या हद्दीत जाते. काढताना आधी एक भिंत आखा, मग तिच्या एका टोकापासून बाजूच्या आणि दुसऱ्या टोकापासून कर्णाच्या मापाचा कंस कंपासने काढा. जिथे छेदतील तो खरा कोपरा.

भिंतीची जाडी दारा-खिडकीच्या तोंडाशी मोजा. चौकटीची आणि प्लॅस्टरची नोंद वेगळी ठेवा. ज्या भिंतीत एकही उघडी जागा नाही तिची जाडी थेट मोजता येत नाही: बाहेरची एकूण लांबी घ्या, आतल्या खोल्यांची लांबी आणि माहीत असलेल्या भिंती वजा करा, उरेल ती तिची जाडी. कर्ण घेतलेले नसतील तर हा हिशेब फसवतो, कारण भिंती तिरक्या असल्या की वजाबाकीला अर्थ राहत नाही.

उंचीसाठी जमिनीवर विश्वास ठेवायचा नाही. जुन्या इमारतीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरशी सहज ३० ते ४० मि.मी. उतरलेली असते. म्हणून भिंतीवर साधारण मीटरभर उंचीला एक आडवी डेटम रेषा (उंची मोजायची आधाररेषा) घ्या आणि ती पारदर्शक पाणनळीने सगळ्या खोल्यांतून फिरवा. नळीत बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांची पातळी खोटी दाखवते. पाणी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरा, पातळी एक आली तरच कामाला लागा. मग या रेषेपासून खाली फरशी आणि वर छत मोजायचं. सेक्शन काढताना हे आकडे सोन्याच्या मोलाचे ठरतात.

निघण्यापूर्वी तिथेच, साइटवर, आतली बेरीज बाहेरच्या मापाशी ताडून पाहा. फोटो काढताना प्रत्येक फोटोत टेप किंवा पट्टी दिसू द्या. आणि ड्रॉइंग त्याच दिवशी सुरू करा. चार दिवसांनी स्वतःचंच अक्षर अनोळखी वाटतं.

प्लॅन, सेक्शन आणि जिना

प्लॅन हा वरून पाहिलेला देखावा नव्हे. जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर इमारत आडवी कापली आणि खाली पाहिलं की जे दिसतं तो प्लॅन. जे कापलं गेलं ते सगळ्यात जाड रेषेत, खाली दिसतं ते बारीक, कापाच्या वर आहे ते तुटक. एवढा एक नियम पाळला तरी शीट वाचता येतं. रंग, सावल्या, झाडं ही नंतरची गोष्ट.

सेक्शन म्हणजे तोच काप उभा. आणि इथेच बहुतेकांचं पितळ उघडं पडतं, कारण प्लॅनमध्ये उंची लपवता येते, सेक्शनमध्ये नाही. मुलं सेक्शन शेवटच्या रात्री काढतात, ते उलट करा: प्लॅनचा पहिला कच्चा आराखडा झाला की लगेच सेक्शन. काप जिन्यातून, दुमजली जागेतून किंवा जमिनीच्या उतारातून जाऊ द्या. खांबाच्या मधोमध कापू नका, चित्रात नुसती एक जाड उभी पट्टी येते आणि शेजारची जागा काहीच सांगत नाही. प्लॅनवर कापाची रेषा आणि बघण्याची दिशा दाखवणारा बाण हवाच.

सेक्शनमध्ये माणूस काढा, १६०० ते १७०० मि.मी. उंचीचा. काढल्याबरोबर खिडकीची सिल (खालची कड) त्याच्या गळ्याशी आली आहे की काय, ते दिसेल.

आता जिना. जिन्याला जागा सोडा म्हटलं की प्लॅनवर तीन बाय दोनचा चौकोन येतो. हिशेब असा करायचा. एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत ३२०० मि.मी. आहे असं धरू. पायरीची उंची १५० ते १७५ च्या दरम्यान हवी. ३२०० ला २० ने भागलं की १६०, म्हणजे २० चढ. पायरीची रुंदी ठरवायला जुना नियम आहे, सतराव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञ फ्रांस्वा ब्लाँदेल यांच्या नावाने ओळखला जाणारा: दोन चढ अधिक एक रुंदी, बेरीज साधारण ६०० ते ६४० मि.मी. म्हणजे माणसाचं एक पाऊल. १६० दुणे ३२०, त्यात ३०० मिळवले की ६२०. चाललं.

दोन फ्लाइटमध्ये (पायऱ्यांच्या सलग रांगांत) विभागलं की प्रत्येकी १० चढ. पण १० चढांना पायऱ्या ९ च लागतात, दहावा चढ थेट लँडिंगवर (वळणाच्या सपाट जागेवर) नेतो. हा एकाचा फरक न कळल्यामुळे जिने चुकतात, तेही सातत्याने. ९ गुणिले ३०० म्हणजे २७०० लांबी. मधलं लँडिंग १२०० आणि मजल्यावर उतरायची जागा १२०० धरली की एकूण ५१०० मि.मी. रुंदी: १२०० च्या दोन फ्लाइट आणि मध्ये १०० ची फट, २५००. म्हणजे तीन बाय दोनच्या जागी भिंतींच्या आत ५.१ बाय २.५ मीटर लागले. किमान रुंदी, पायरीची कमाल उंची यांचे आकडे ठिकाणाप्रमाणे आणि इमारतीच्या वापराप्रमाणे बदलतात, आपल्या भागातले बांधकामाचे नियम उघडून बघा. हिशेबाची रीत मात्र तीच.

मग उंची तपासा. मधलं लँडिंग १६०० वर आलं, त्यातून १५० चा स्लॅब गेला, खाली १४५० उरले. त्याखालून दार काढलं असेल तर माणूस वाकून जाईल. डोक्यावर निदान २.१ मीटर मोकळं हवं. हे प्लॅनवर कधीच दिसत नाही.

रॅम्पचंही असंच. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार धरला तर ४५० मि.मी. जोत्याला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो, शिवाय दोन्ही टोकांना खुर्ची वळवायला साधारण १५०० मि.मी. व्यासाची सपाट जागा. प्रवेशाशी तीन पायऱ्या सहज काढल्या जातात आणि रॅम्प नंतर कुठेतरी चिकटवला जातो. आधी रॅम्प बसवा, पायऱ्या कुठेही मावतात.

स्ट्रक्चर विसरलं की उंची जाते

काँक्रीटच्या बीमची खोली सुरुवातीला गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) बाराव्या ते पंधराव्या भागाइतकी धरा. सहा मीटरच्या गाळ्याला ४०० ते ५००. हा अचूक हिशेब नव्हे, तो स्ट्रक्चरचा विषय शिकवणारे करून घेतीलच. पण ३२०० च्या मजल्यातून ५०० चा बीम आणि ५० ची फरशी गेली की बीमखाली २६५० राहतात, आणि एसीच्या डक्टसाठी फॉल्स सीलिंगला ३०० दिले की २३५०. प्रशस्त हॉल म्हणून काढलेली जागा अचानक ठेंगणी होते. खांब वरच्या मजल्यावर तसेच चढतात का, हे पाहायला दोन मजल्यांचे ट्रेसिंग एकमेकांवर ठेवून उजेडात धरा. टॉयलेटही तसंच तपासा. वरच्या मजल्यावरचं टॉयलेट खालच्या बैठकीच्या खोलीवर आलं तर पाइप कुठून नेणार? सांडपाण्याच्या आडव्या पाइपला १:४० उतार दिला तर ४ मीटरला १०० मि.मी. पडतात, आणि ते छताच्या आत मावावे लागतात.

साइट आणि सूर्य

साइट अ‍ॅनालिसिसच्या शीटवर बाणांची गर्दी असते: वारा, ऊन, आवाज, रहदारी. त्यातला एकही बाण डिझाइनमध्ये काही बदलत नसेल तर ते शीट नुसती सजावट आहे. प्रत्येक निरीक्षणापुढे "म्हणून काय?" लिहा.

सूर्याचं गणित निदान दुपारपुरतं तरी हाताने करा. दुपारी सूर्य सर्वात वर असताना त्याची उंची विषुवदिनी ९० वजा अक्षांश इतके अंश असते. उन्हाळ्यातल्या सर्वात मोठ्या दिवशी त्यात २३.५ मिळवा, हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवशी तेवढेच वजा करा. ४० अक्षांशावर ५०, ७३.५ आणि २६.५. उत्तर ९० च्या वर गेलं तर सूर्य डोक्यावरून दुसऱ्या बाजूला गेला आहे, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या ठिकाणी वर्षातला काही काळ उलट दिशेच्या भिंतीवरही ऊन येतं. छज्ज्याची खोली म्हणजे खिडकीची उंची भागिले त्या कोनाचा टॅन. सूर्य ६० अंशांवर आणि खिडकी १.५ मीटर उंच असेल तर १.५ भागिले १.७३, सुमारे ८७० मि.मी. मात्र हे गणित सूर्य खिडकीच्या बरोबर समोर असतानाचं आहे. पूर्व-पश्चिमेला सूर्य खाली उतरलेला असतो, तिथे आडवा छज्जा कितीही खोल केला तरी ऊन आत येतंच. उभे फिन (भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या) किंवा जाळीच हवी.

जुन्या इमारतींचा अभ्यास

केस स्टडी म्हणजे फोटो चिकटवणं अशी समजूत आहे. फोटो ठेवा बाजूला आणि ती इमारत एका स्केलवर स्वतः काढा. रोममधल्या पँथिऑनचा नुसता सेक्शन काढला की कळतं: घुमटाचा आतला व्यास सुमारे ४३.३ मीटर आणि फरशीपासून वरच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच, आत पूर्ण गोल मावतो. घुमट खाली सुमारे सहा मीटर जाड, वर झरोक्याशी जेमतेम सव्वा, आणि वर जाताना काँक्रीटमधली खडी हलकी होत जाते. हे फोटोत दिसत नाही. वास्तुतज्ज्ञ मीस व्हान डर रोह यांचं १९५१ चं फार्न्सवर्थ हाऊस नदीकाठी आहे. पूर येणार हे धरून घराची फरशी दीड मीटरहून थोडी जास्त वर उचलली, आठ पोलादी खांबांवर. १९५४ मध्येच पाणी घरात शिरलं. सेक्शनमधल्या एका आकड्यावर केवढं अवलंबून असतं, ते या एका घरावरून दिसतं.

मॉडेल

स्केल आणि बोर्डाची जाडी एकत्र ठरवा. १:१०० ला २ मि.मी.चा बोर्ड म्हणजे २०० ची भिंत, बरोबर जमतं. १:२०० ला तोच बोर्ड ४०० ची भिंत दाखवेल, तिथे १ मि.मी. घ्या.

कापण्याआधी जाडी वजा करायची, ही पायरी हमखास चुकते. १२० बाय ९० चा डबा २ मि.मी.च्या बोर्डातून करायचा तर दोन भिंती १२० च्या आणि उरलेल्या दोन ९० च्या नाहीत, ८६ च्या. आत बसणारी फरशी ११६ बाय ८६. कुठल्या भिंती पूर्ण लांबीच्या हे ठरवताना दर्शनी बाजू निवडा, म्हणजे सांध्याची रेघ बाजूला जाते.

एका झटक्यात कापायला जाऊ नका. पहिला हात हलका, फक्त रेघ पडेल इतका. मग त्याच रेघेत तीन-चार हात. जोर लावला की पातं तिरकं शिरतं आणि कड खालून वेगळीच निघते, भिंत उभी राहत नाही. पात्याचं टोक बोथट झालं की बोर्ड कापला न जाता फाटतो, कडेला केस निघतात. टोक तोडून नवं काढा, पातं वाचवून काही साधत नाही. पट्टीवरच्या हाताची बोटं कडेच्या मागे, आणि डोळे मिटायला लागले की कटर खाली ठेवा. खिडक्या आधी कापा आणि भिंतीची बाहेरची कड सर्वात शेवटी. उलट केलं तर हातात राहिलेली अरुंद चौकट मोडते.

पांढरा गोंद बोटभर लावायची गरज नसते, कडेवर पातळ थर पुरतो. मोठा बोर्ड एकाच बाजूने गोंदाने भिजवला की सुकताना वाकतो. वजनाखाली सपाट सुकू द्या. थर्मोकोलला सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रे पेंट विरघळवून टाकतो, आधी तुकड्यावर बघा. लेझर कटरमध्ये पीव्हीसी कधीही घालू नका. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी धूर येतो आणि मशीनही गंजतं.

उताराच्या साइटसाठी १ मीटरच्या कंटूरला (समान उंचीच्या रेषांमधलं अंतर) १:२०० वर ५ मि.मी.चा एक थर. प्रत्येक थर खालच्या थरावर १५ ते २० मि.मी. तरी टेकला पाहिजे, नाहीतर चिकटत नाही. सगळे थर अख्ख्या बोर्डातून कापले तर बोर्ड भरमसाट लागतो. एका बोर्डातून १, ३, ५ आणि दुसऱ्यातून २, ४, ६ असे आळीपाळीने कापा. आतला पोकळ भाग टेकूंनी भरा.

कॉम्प्युटर

स्क्रीनवर सगळं खऱ्या मापात, मिलिमीटरमध्ये काढा. स्केल फक्त छापताना द्यायचं. अक्षरं कागदावर २.५ मि.मी. हवी असतील तर १:५० साठी मॉडेलमध्ये १२५ ची. ए१ चं ए३ होणार असेल तर तीच १.२५ होतील, वाचता येणार नाहीत, म्हणून मोठी घ्या. प्रिंटच्या खिडकीत "फिट टू पेज" असं काही निवडलेलं असेल तर काढून टाका, त्याने स्केल गुपचूप बदलतं. शीटच्या कोपऱ्यात १०० मि.मी.ची रेघ ठेवा आणि छापून आल्यावर पट्टीने मोजा. फाइलच्या नावात तारीख घाला, "फायनल", "फायनल२", "आता खरंच फायनल" नको. एक प्रत दुसऱ्या जागी रोज. आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी प्रिंटिंगची रांग धरूनच वेळापत्रक आखा. शेवटचा दीड दिवस चित्रकामाचा नाहीच असं समजा.

ज्युरी

शीट भिंतीवर लावताना मध्य साधारण दीड मीटर उंचीवर येऊ द्या. डावीकडून साइट, मग प्लॅन, सेक्शन, मग बाकीचं. शब्द कमी, दोन मीटरवरून वाचता येतील एवढे. बोलायला पाच मिनिटं मिळतात असं धरा आणि सुरुवात इमारतीच्या प्रश्नापासून करा, "मला ही संकल्पना सुचली" इथून नको. "वेळ मिळाला नाही" हे वाक्य बोलूच नका, ते शीटवर दिसतंच.

ताशेरे स्वतः लिहून घेऊ नका, मित्राला सांगा. बोलत असताना निम्मं ऐकू येत नाही. संध्याकाळी ते तीन भागांत लावा: मापाची चूक, मांडणीची चूक, आणि आवडीनिवडीचा भाग. पहिले दोन दुरुस्त करायचे. तिसऱ्यावर विचार करायचा, सहमत व्हायलाच हवं असं नाही.

मॉडेलचे फोटो त्याच दिवशी काढा, उद्या ते कुणाच्या तरी बॅगेखाली सापडेल. १:१०० वर माणसाचा डोळा तळापासून जेमतेम १६ मि.मी. वर असतो. फोन उलटा धरा म्हणजे लेन्स खाली येते, आणि मॉडेलच्या आत जाऊन बघितल्यासारखा फोटो मिळतो. खोलीतले दिवे बंद करा, एकच टॉर्च सूर्याच्या खऱ्या दिशेने धरा, मागे सपाट राखाडी कागद. शीट ३०० डीपीआयवर स्कॅन करा, मोठं असेल तर भाग पाडून. कच्ची ट्रेसिंगही तारीख घालून जपा, पोर्टफोलिओ करताना पक्क्या शीटपेक्षा त्यांचीच शोधाशोध जास्त होते.